कक्षात नव्हे, कक्षेत!

हर्णैहून एक तांडेल विचारतात, "बातम्यांत कुणी 'उपग्रह कक्षात सोडला' म्हणतं, कुणी 'कक्षेत'. बरोबर काय? आणि भूस्थिर म्हणजे तो वर उभाच असतो का?"

कक्षेत. 'कक्ष' म्हणजे खोली. 'उपग्रह कक्षात सोडला' ऐकलं की मला तो श्रीहरिकोट्याच्या एखाद्या खोलीत पंख्याखाली घिरट्या घालताना दिसतो. 'कक्षा' स्त्रीलिंगी, म्हणून 'कक्षेत'. रोज बातम्या वाचणाऱ्यांना एवढं जमू नये?

आता खरी गंमत. ग्रहांच्या वाटेला सूर्यसिद्धान्तातही कक्षाच म्हटलंय, त्यामुळे १९५७ साली स्पुटनिक उडाला तेव्हा आपल्याकडे शब्द तयारच होता. पण संस्कृतात कक्षा, कक्ष्या म्हणजे कमरेचा पट्टासुद्धा. हत्तीच्या पोटाला आवळतात तोही. मूळ कल्पना वेढ्याची. भिंतींचा वेढा तो कक्ष, आकाशातला वेढा ती कक्षा.

मराठीत 'क्ष' दोन वाटांनी उतरतो. क्षाराचा खार झाला, तशी कक्षाची काख. कुक्षीची कूस झाली, इक्षूचा ऊस झाला, तशी कक्षेची कास, आणि तिचाच कासोटा! म्हणजे नऊवारीचा कासोटा आणि उपग्रहाची वाट या सख्ख्या बहिणी. ('काखेत कळसा नि गावाला वळसा' ही म्हण उपग्रहाइतकी कुणालाच शोभत नाही.)

'विज्ञानाची कास धरा' मधली कास गाईची, असं छातीठोक सांगणारे पंडित मला भेटलेत. गाईची कास धरून दूध मिळेल हो, खाडी पार होणार नाही! पोहणाऱ्याच्या कमरेचं वस्त्र धरून न पोहणारा पैलतीराला लागतो, ती ही कास. दुसरे म्हणतात, कासोटा 'कच्छ'पासून आला. मग कच्छ कुठून आला? तोही कक्ष्येचाच प्राकृत अवतार, असं माझं ठाम मत आहे.

हां, भूस्थिर राहिलंच. उभा अजिबात नसतो. नांगर टाकायला तिथे तळ कुठाय? विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवरून तो सेकंदाला तीनेक किलोमीटर धावतो. खरं तर तो सतत पडतच असतो, पण पुढे इतक्या वेगाने जातो की खालची पृथ्वी वळत जाते आणि हा टेकतच नाही. फेरी २३ तास ५६ मिनिटांची, पृथ्वीच्या गिरकीइतकीच. म्हणून जमिनीवरून पाहता तो जागचा हलत नाही, आणि 'भूस्थिर' शब्दात काही खोट नाही. वादळाच्या ढगांची चित्रं पाठवायला २०१६ साली सोडलेल्या इन्सॅट-३डीआरची जागा ७४ अंश पूर्व, म्हणजे जवळपास तुमच्याच रेखांशावर. तुमच्या कौलांवरची डिशही अशाच एकाकडे तोंड करून असते. एकदा रोखली की माडाची झावळी तिच्यावर पडेपर्यंत हात लावावा लागत नाही.

आता माझं एक काम करा. घरात विचारून कळवा, लुगड्याच्या त्या मागे खोचलेल्या भागाला तुमच्याकडे कास म्हणतात, कासोटा म्हणतात, की तिसरंच काही?