आधी आईची शस्त्रक्रिया, मग मुलीची नीट

प्रश्न : पित्ताशयातील खड्यांमुळे पत्नीला कावीळ झाली, रक्ताची उलटी झाली. मांडीच्या धमनीतून नळी घालून रक्तस्राव थांबवला. पित्ताशय काढायचे आहे, ते मुलीच्या नीटनंतर पाहू. ती बारावीत आहे. त्या दिवशी ती खोलीबाहेर पळाली होती, पण भीती जाईल. हेच शास्त्र, म्हणजे रेडिओलॉजी, तिने शिकावे, असे गणेश चवथीला सगळ्यांनी ठरवले आहे. रेडिओलॉजीत रात्रपाळी नसते, तेही बरे.
– एक पालक, डिचोली

उत्तर : शस्त्रक्रिया आपल्या परीक्षेसाठी थांबली आहे, हे तुमच्या मुलीला ठाऊक असणारच. मधल्या काळात आईला पुन्हा काही झाले, तर त्याचा दोष ती जन्मभर स्वतःकडे घेईल. नीटचा अभ्यास जड असतो, पण हे ओझे नीटचे नाही, तुम्ही घातलेले आहे.

खड्यांच्या सुजेने पित्ताशयाच्या धमनीची भिंत झिजते, तिथे फुगा धरतो आणि तो फुटला की रक्त पित्तनलिकेत उतरते. पोटदुखी, कावीळ आणि रक्तस्राव हे त्रिकूट जर्मन डॉक्टर क्विंके यांनी १८७१ मध्ये नोंदवले. तिन्ही लक्षणे एकत्र मात्र थोड्याच रुग्णांत दिसतात. नळीतून धातूची सूक्ष्म वेटोळी सोडून धमनी बंद करता येते, परंतु खडे जागेवरच राहतात आणि रक्तपुरवठा तुटलेले पित्ताशय क्वचित सडूही शकते, म्हणून प्रकृती सावरल्यावर ते काढण्याचा सल्ला सहसा दिला जातो. ती तारीख सर्जनना ठरवू द्या.

रात्रपाळी नसते, हा समज निदान तुमच्या घरात तरी टिकायला नको होता. रक्ताची उलटी घड्याळ पाहून होत नाही; ती थांबवणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट अपरात्रीही शिशाचा एप्रन चढवून, क्ष-किरणांच्या पडद्यावर नजर ठेवून केसाएवढ्या वाटांतून नळी सरकवत असतो. मुलीसाठी ‘आरामाचे’ म्हणून हे क्षेत्र निवडणे ही शुद्ध फसगत आहे.

मार्ग परिचित आहे : नीट, गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा अन्यत्र साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, नीट-पीजीनंतर तीन वर्षे रेडिओडायग्नोसिसमध्ये एमडी, पुढे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत तीन वर्षांचे डीएम.

आईला रक्त ओकताना पाहून मूल पळाले, यावरून ते डॉक्टर होईल की नाही, काहीच ठरत नाही. मात्र चवथीला गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली काका-मामांची मते घेतलीत आणि तिचे मत तुमच्या पत्रात एका ओळीनेही आलेले नाही. शस्त्रक्रिया पार पडल्यावर पुढचे पत्र तिला लिहू द्या, आणि ते वाचायला मागू नका.