येशूचा ‘पुनर्जन्म’ नाही हो, तो उठला!

एका ताईंनी विचारलंय, ईस्टरला ‘पुनर्जन्मदिन’ म्हटलेलं चालतं का, आणि मराठीत शुभेच्छा कशा द्यायच्या, आणि त्यात अंडी कुठनं आली. पहिल्याचं उत्तर : नाही चालत. आमच्या कोल्हापुरात एका चौकात एवढा मोठा फ्लेक्स लागलेला, ‘प्रभू येशूंच्या पुनर्जन्मदिनाच्या हार्दिक शुभेच्छा’, खाली सतरा जणांचे फोटो. छापणाऱ्या पोराला विचारलं तर म्हणतो, "काका, वाढदिवसाची फाईल हुती, तीच एडिट केली." घ्या!

पुनर्जन्म म्हणजे जुना देह टाकून दुसऱ्या आईच्या पोटी येणं. इथं तसं काहीच नाही, शुक्रवारी क्रुसावर मेला तोच रविवारी कबरेतून बाहेर आला, हातावर खिळ्यांच्या खुणा तशाच, देह पालटलेला पण तोच, असं ख्रिस्ती मानतात, त्या रविवारचाच सण म्हणजे ईस्टर. आणि ‘पुनरुज्जीवन’ पण नको, तो शब्द तळ्यांना आणि बंद पडलेल्या सूतगिरण्यांना ठेवा. फार तर लाजरसाला, म्हणजे येशूनं ज्याला कबरेतून बाहेर बोलावला तो, पण तो बिचारा पुढं कधीतरी परत मेलाच असणार. जे कोशवाले हे दोन्ही शब्द डोळे झाकून शेजारी शेजारी ठेवतात त्यांनी हा एवढाच फरक जरा बघावा.

शब्द आहे पुनरुत्थान. आणि खरी मजा इथंच आहे. नवा करार, म्हणजे बायबलातला येशूची गोष्ट सांगणारा भाग, मुळात ग्रीकमध्ये, त्यात शब्द येतो ‘अनास्तासिस’. ‘अना’ म्हणजे वर, ‘स्तासिस’ म्हणजे उभं राहणं. आता आपलं उत्थान फोडा, उद् अधिक स्थान. उद् म्हणजे वर, आणि ‘स्था’ आणि ग्रीकांचा ‘स्ता’ एकाच धातूची भावंडं! मधला ‘स’ कुठं गेला विचाराल, तर त्यासाठी पाणिनीनं खास सूत्र लिहून ठेवलंय, ‘उदः स्थास्तम्भोः पूर्वस्य’. त्यात आणखी गंमत, ‘अना’चा दुसरा अर्थ ‘पुन्हा’ असाही होतो, म्हणजे पुनर् आणि उद् दोन्ही त्या एका ‘अना’त बसलेत. ज्यानं कुणी पुनरुत्थान शब्द निवडला तो ग्रीक कोळून प्यालेला असणार, हा माझा लाडका अंदाज, पटत नसेल तर सोडून द्या.

‘जड संस्कृत शब्द आहे, लोकांना कळत नाही’ म्हणणाऱ्या विद्वानांना तर मला कोपरापासून नमस्कार करावासा वाटतो. अहो, त्याच उद्-स्थाचं प्राकृतात उट्ठ झालं आणि आपल्याकडं उठणं. "ऊठ की लेका, आठ वाजले" यात पण तेच आहे. ग्रीकला उभं राहणं आणि जागं होणं यांना दोन क्रियापदं लागतात, नव्या करारात दोन्ही येतात, आपल्या ‘उठणे’नं एकट्यानं दोन्ही कामं केली. कार्तिकीला देव उठतो म्हणतो ना आपण, देवोत्थानी एकादशी? तेव्हा कुणी देवाच्या पुनर्जन्माचा फ्लेक्स लावतं का?

आमच्या शेजारच्या ख्रिस्ती काकू ईस्टरला अंधार असतानाच मेणबत्त्या आणि फुलं घेऊन दफनभूमीत जातात. काकांच्या दगडावर कोरलंय, ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’. मला आधी वाटायचं, मेले म्हणायला जड जातं म्हणून लिहिलंय. काकूंनीच समजावलं, "तो पहिला उठला, आता ह्यांची पाळी, म्हणून झोपलेत म्हणायचं." त्यांच्या बायबलात येशूला ‘प्रथमफळ’ म्हटलंय ते याच अर्थानं, पहिलं फळ हाती आलं की मागचं पीक येणारच. ‘पुनर्जन्म’ म्हटलं की दगडावरचं हे ‘निद्रिस्त’ फुकट गेलं.

हां, शुभेच्छा. ग्रीक लोक ईस्टरला ‘ख्रिस्तोस अनेस्ती’ म्हणतात, क्रियापद तेच. आपण ‘ख्रिस्त उठला आहे’ म्हणा, समोरच्यानं म्हणायचं, ‘खरोखर उठला आहे’. अंड्याचं राहिलंच, ते परत कधीतरी.