मुंबई-लंडन: अंतर एकच, मग जाताना दहा तास आणि येताना नऊ का?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की नेटवर अंतर ७,२०० किलोमीटर दिसतं, विमानाचा वेग ताशी ९०० सांगतात, म्हणजे आठ तास व्हायला हवेत. तिकिटावर मात्र जाताना दहा आणि येताना नऊ. आई-बाबा पहिल्यांदाच निघालेत, त्यामुळे नीट सांगतो.

७,२०० हा आकडा बरोबर आहे, पण तो पृथ्वीगोलावर ताणलेल्या दोऱ्याचा आहे. घरात गोल असेल तर करून बघा. एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर धरून दोरा घट्ट ओढा. तो कराचीजवळून इराणवर जातो, मध्यावर जॉर्जियात तिबिलिसीच्या आसपास येतो आणि पुढे युक्रेनवरून युरोपात शिरतो. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर हीच रेघ बरीच खालून, सीरिया-तुर्कस्तानकडून जाईल.

आता हा दोरा प्रत्यक्षात कुठे कुठे अडतो ते बघा. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. पश्चिम आशियात तणाव वाढला की आणखी वळसे पडतात. त्यामुळे उडालेलं अंतर ७,२०० पेक्षा जास्तच भरतं.

दुसरं कारण वारा, आणि जाण्या-येण्यातला फरक मुख्यतः त्याचाच. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. विमानाचे ९०० हे भोवतीच्या हवेच्या तुलनेतले, जमिनीच्या नव्हे. प्रवाहाविरुद्ध वल्हवलेल्या होडीसारखंच हे. आई-बाबांना सीटसमोरच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’ बघायला सांगा. लंडनला जाताना तो ८०० च्या आसपास रेंगाळताना मी पाहिलाय आणि परतीच्या वाटेवर हजाराच्या पुढे गेलेलाही. शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, म्हणजे धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरण्याआधीच्या घिरट्याही त्यातच आल्या.

पण खरी काळजी घ्यायची ती घड्याळाची. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. मुंबईहून दुपारी दीडला निघून संध्याकाळी सातला लंडन, असं छापलेलं असलं की साडेपाच तास वाटतात. माझ्या आईने पहिल्या खेपेला हेच धरलं होतं. रक्तदाबाची रात्रीची गोळी ‘पोचल्यावर घेईन’ म्हणून मोठ्या बॅगेत टाकली आणि ती बॅग सामानात गेली. उतरली तेव्हा भारतात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तो सगळा वेळ ती मुकाट बसून होती, कुणाला बोललीही नाही. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, एरवी साडेपाच. जाताना छापील वेळांच्या फरकात हा आकडा मिळवा, येताना वजा करा. वरच्या उदाहरणात उन्हाळा असेल तर साडेपाच अधिक साडेचार, म्हणजे दहा तास.

गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा. वेळा कशा पाळायच्या ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः इन्सुलिन असेल तर. आणि बाबांच्या मनगटावरचं घड्याळ लंडनला उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या.