बोक्याचं आजारपण आणि न बोललेला आकडा

"मावशी, तीन आठवड्यांपूर्वी नवऱ्याची नोकरी गेली. घरभाडं तोंडावर आलंय. आणि मी रात्री दोन वाजता उठून रडते ती कशासाठी, तर नागपूरच्या बोक्यासाठी. हे कुणाला सांगायचीही लाज वाटते." डॅलसहून पत्र आलंय. खाली सही आहे 'प्रतापनगरची लेक'.

पोरी, पुढचं वाचायच्या आधी आईला फोन लाव. पत्राच्या शेवटी तू सहज लिहून गेलीस, "आई विचारत होती, अंग गरम लागतंय तर अर्धी क्रोसिन देऊ का." नाही म्हणून सांग, आत्ताच्या आत्ता. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि ते मांजराला विष आहे. ते पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसतेच, आणि माणसाची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. आपल्या डब्यातली कुठलीच गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या तोंडात जाता कामा नये.

केलास फोन? आता बोलू.

लाजेचं काय घेऊन बसलीस! पोळ्याला बैलाचे पाय धुऊन त्याला पुरणपोळी भरवणाऱ्या मुलुखातली तू. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा मागत फिरली असशील. जनावर घरातलंच असतं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. "मी अमेरिकेला आले त्याच वर्षी आईनं त्याला गच्चीवरून उचलून घरात घेतलं," असं तूच लिहिलंयस. तुझ्या रिकाम्या पलंगावर आता तो झोपतो. त्याच्यासाठी रडू येणारच, आणि ते फक्त त्याच्यासाठी नाही हे तुलाही कळतंय.

पण तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं ते बोक्यासाठी नाही, या ओळींसाठी: "डॉक्टरांनी १४,००० सांगितले. आईनं बाबांना कळू न देता भिशीचे पैसे भरले, बाकीचे उरलेत. आम्ही आईला नोकरी गेल्याचं सांगितलेलं नाही. ती मला म्हणते, तू नको टेन्शन घेऊ, खाऊन राहिला आहे थोडं थोडं. शेजारच्या काकूंनी मला गुपचूप कळवलं की आई बीपीची गोळी दिवसाआड घेते."

बघ, एका बोक्याच्या दुखण्यात चार माणसं एकमेकांपासून काय काय लपवून बसलीत. बाबांना भिशीचं माहीत नाही. आईला नोकरीचं माहीत नाही. आईच्या गोळीचं तुला माहीत आहे हे आईला माहीत नाही. आणि डॉक्टरांना तर कुणाचंच काही माहीत नाही. ते बिचारे समजतात, मुलगी अमेरिकेत आहे, १४,००० म्हणजे काय मोठं! या सदरात मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आले आहे आणि आजही तीच सांगणार: आकडा बोला. आपल्याकडे किती आहेत ते तोंडानं, रुपयांत, समोरच्याला ऐकू जाईल असं सांगा. परदेशातली मराठी घरं या एका गोष्टीपायी जेवढी पोखरली जातात तेवढी दुसऱ्या कशानं जात नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

आमचे बाबा पोस्टात होते, घर नागपूरच्या महाल भागात. घरात आजारपण आलं की ते दवाखान्यात जाऊन खिशातले पैसे टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "डॉक्टरसाहेब, एवढे आहेत. एवढ्यात आज काय होईल ते करा, बाकीचं पुढच्या पगाराला." आम्हा पोरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण कुठल्याही डॉक्टरनं त्यांना कधी परत पाठवलं नाही. उलट औषधं कमी लिहिली जायची आणि नीट समजावून दिली जायची.

हे मी लेस्टरला राहत असताना कामी आलं. आमची चिमी म्हातारी झाली, खाईना, पाणी मात्र सारखं प्यायची. तिथल्या डॉक्टरणीनं अंदाजपत्रकाचा कागद पुढे ठेवला. यांनी तो वाचला आणि शांतपणे सांगितलं, आमच्याकडे दोनशे पाउंड आहेत. ती तरुण मुलगी जराही बिचकली नाही. तिनं कागद उलटा केला आणि पेननं तीन ओळी लिहिल्या: आज काय केलंच पाहिजे, काय महिनाभर थांबू शकतं, काय नाही केलं तरी चालेल. फक्त रक्त तपासलं. किडनी थकली होती. मग तिनं आम्हाला कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. स्वयंपाकघरात कपाटाच्या मुठीला सलाईनची पिशवी अडकवून हे सुई धरायचे आणि मी चिमीच्या कानामागे खाजवत बसायची. त्यावर ती पुढे बरीच जगली. पशुवैद्यकात हे रीतसर मानलेलं आहे बरं का. एकाच दुखण्यावर महागड्यापासून साध्यापर्यंत उपचारांच्या पायऱ्या असतात आणि खालची पायरी म्हणजे हयगय नव्हे. पण तुमची पायरी कुठली हे डॉक्टरला तुम्ही सांगितल्याशिवाय कसं कळणार?

तर आता गोट्याचं, म्हणजे तुमच्या बोक्याचं. तू लिहितेस, "लघवी तुंबली होती, नळी घालून काढली, आता पुन्हा रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन नुसता बसतो." यातलं शेवटचं फार गंभीर आहे. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, एकदा तुंबली की पुन्हा तुंबायची भीती राहते. थेंब थेंब लघवी होत असली तरी निर्धास्त राहायचं नाही, डॉक्टरांना लगेच विचारायचं. पण सारखा ट्रेमध्ये जातोय, जोर करतोय, ओरडतोय, मागे चाटत बसतोय आणि रेती कोरडीच आहे, असं असेल तर तासही घालवायचा नाही. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम साठतं, त्यानं हृदय थांबतं, आणि हे सगळं दिवस-दोन दिवसांत होऊ शकतं. आईला सांग, त्याच्या पोटाला हात लावून बघ. खालच्या बाजूला घट्ट गोळा लागला तर दाबायचा नाही, सरळ रिक्षा बोलवायची. या एका प्रसंगात भिशी, उधारी, दागिना, काहीही पुढे-मागे करून त्याच दिवशी नळी घालून घ्यायची. बाकी सगळ्यात घासाघीस चालेल, यात नाही.

नागपुरात मांजराला स्वस्तात कुठे न्यायचं, असं विचारतेस! अगं, राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयच आपल्या नागपुरात आहे, २००० सालापासून. आणि सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १९५८ पासूनचं. महाविद्यालयाला जोडून दवाखाना आहे, शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली जनावरं तपासतात, आणि खासगीपेक्षा खर्च बराच कमी येतो. वेळ मोडतो, रांग असते, हे खरं. आईनं आधी फोन करून वेळ विचारावी आणि शक्यतो ऊन चढायच्या आत पोचावं. मांजर न्यायची पेटी विकत घेऊ नका. संत्र्यांच्या प्लॅस्टिकच्या एका क्रेटवर दुसरं उपडं ठेवून सुतळीनं चारही बाजूंनी बांधली की झालं, हवाही खेळते. आधीच्या दवाखान्याचे कागद मात्र सगळे बरोबर हवेत, तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.

आणि तिथे गेल्यावर काय बोलायचं ते मी लिहून देते, आईला व्हॉट्सॲपवर पाठव: "डॉक्टर, आमच्याकडे आत्ता इतके रुपये आहेत. यातलं आज काय करणं भाग आहे? काय पुढच्या महिन्यात चालेल? घरी आम्ही काय करू शकतो?" एवढंच. १४,००० मध्ये काय काय धरलं होतं तेही आधीच्या डॉक्टरांकडून सुटं सुटं लिहून घ्यायचं. तपासण्या किती, भरती किती, खास खाद्याची पिशवी किती. लघवीची साधी तपासणी आधी आणि सोनोग्राफी नंतर, असा क्रम लागू शकतो का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

घरी करायचं ते असं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर, बोका दिवसभर कूलरपुढे पसरलेला, पाणी पितो घोटभर, आणि खातो कोरडे दाणे. लघवी घट्ट होणार नाही तर काय! पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवा, ट्रेपासून लांब. दाण्यांत कोमट पाणी घाला. आई दूध-पोळी देते ती प्रेमानं देते, पण मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही, आणि पोळीनं त्याचं भागत नाही. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीतून येतं. तुमच्या घरी चालत नसेल तर काकूंना सांगा, नुसतं उकडलेल्या चिकनचं पाणी द्या म्हणून. मीठ, कांदा, लसूण काहीही नको. कुणाच्या घरचा सावजी रस्सा धुऊनही द्यायचा नाही, कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आणि बोक्यानं दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर तेही दवाखान्याचं कारण आहे. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते, मग तो नवाच आजार होऊन बसतो. "खाऊन राहिला आहे थोडं थोडं" यावर जाऊ नकोस. वजन विचार. आईनं त्याला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटीनं, आणि वजाबाकी रोज वहीत लिहायची.

हे सगळं करूनही पुन्हा पुन्हा तुंबलं तर डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतील, मार्ग रुंद करायची. तेव्हाही आकडा विचारायचा आणि आपला सांगायचा. आणि तो आवाक्यात नसेल, बोका तळमळत असेल, तर इंजेक्शननं त्याला शांतपणे जाऊ देणं हाही उपचारच आहे. त्यात पाप नाही. पैसे नव्हते म्हणून आपण त्याला मारलं, असं आईनं मनाला लावून घेऊ नये म्हणून ही गोष्ट तिच्याशी आधीच, त्याची तब्येत जरा बरी असताना बोलून ठेव.

आता रागावणार आहे मी. आई बीपीची गोळी दिवसाआड घेते हे कळूनही तू तिला काही बोलली नाहीस, कारण "काकूंचं नाव पुढे येईल". येऊ दे! बाबांची हिंगण्याच्या कंपनीतली नोकरी, म्हणजे ईपीएस-९५ ची, प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेतली पेन्शन. २०१४ ला तिची किमान रक्कम महिना १,००० ठरली, आणि फार वर पोचलेली माणसं मी तरी पाहिली नाहीत. त्या पैशात एक घर, दोन म्हातारे आणि एक आजारी बोका बसवायचा तर कुणाची तरी गोळी सुटणारच, आणि ती नेहमी आईचीच सुटते. आमच्या आईनं मोतीबिंदूचं ऑपरेशन असंच लांबवलं होतं. दादा सिडनीला, त्याचे घराचे हप्ते चालू, त्याला कशाला त्रास. पुढे ती जिन्यावरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं, त्याचा खर्च मोतीबिंदूच्या कितीतरी पट आला. दादा आजही म्हणतो, मला फक्त सांगायचं होतं. बीपीच्या रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात फार स्वस्त मिळतात. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन बाबांना पाठव, काम बाबांना दे. आणि भिशीचं आईनंच बाबांना सांगावं. नवऱ्यापासून लपवून मांजर वाचवायची पाळी यावी इतके ते परके नाहीत.

पण आधी तू सांगायचंस. तुझे साडेनऊ वाजले की नागपूरला सकाळचे आठ. चहा झालेला असतो, बाबा पेपर घेऊन बसलेले असतात. फोन स्पीकरवर ठेवायला सांग आणि बोल: नोकरी गेली आहे, आमच्याकडे इतके महिने पुरतील एवढे आहेत, गोट्यासाठी मी महिना इतके पाठवू शकते, त्याहून जास्त नाही. दोन हजार म्हण, पाच हजार म्हण, जो खरा असेल तो आकडा. आई रडेल, पण काही न कळवता पैसे येणं थांबलं तर ती जे जे मनात आणेल, त्यापेक्षा हे रडणं बरं.

ज्यांची मांजरं तिकडेच आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. अमेरिकेत दवाखाने केअरक्रेडिट नावाचं, उपचारांच्या उधारीचं कार्ड पुढे करतात. बिनव्याजी मुदतीत सगळे पैसे फिटले तर ठीक, थोडे जरी राहिले तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज लागतं, तेव्हा आधी हिशेब करा. आधीपासून असलेल्या आजाराला विमा सहसा चालत नाही. औषधाची लेखी चिठ्ठी मागा, माणसांच्या दुकानात तेच औषध कितीदा कमी किमतीत मिळतं. ब्रिटनमध्ये पीडीएसए ही संस्था मदत करते, पण ती मुख्यतः सरकारी भत्ते मिळणाऱ्यांना. व्हिसावर असलेल्यांनी त्या भरवशावर राहू नये.

तुझे बाकीचे प्रश्न. नवऱ्याची नोकरी: एच-वन-बी व्हिसावरची नोकरी गेल्यावर तिथे राहायला जास्तीत जास्त ६० दिवस असतात, त्यातले तीन आठवडे गेले. या आठवड्यात वकिलाला भेटा, मुदतीच्या आत अर्ज जाणं महत्त्वाचं. पोरगा मराठी बोलत नाही: सहा वर्षांचा आहे, आजीशी रोज बोलू दे, येईल. दिवाळीचं तिकीट: यंदा नको काढू.

डॉक्टर काय म्हणाले ते मला लिही, आणि किती म्हणाले तेही.