ओट्यावर आलेलं मोठं पाखरू

प्रश्न : आमचं घर जांबोटीजवळ, रानाला लागून. पाऊस सुरू झाल्यावर ओट्यावरच्या ट्यूबलाइटपाशी वीतभर रुंदीचं तांबूस पाखरू येऊन भिंतीला चिकटलं. पंखांची टोकं सापाच्या तोंडासारखी. सासूबाई म्हणतात, विषारी आहे, झाडूनं काढ. मी साखरपाणी ठेवलं, पण त्यानं शिवलंही नाही. हे नेमकं काय?
– एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : ताई, झाडू आधी बाजूला ठेवा. हा ॲटलास पतंग. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत याची स्वतंत्र जात आहे. पंखांवर खवले नसलेल्या तिकोनी पारदर्शक खिडक्या दिसल्या असतील. तो चावत नाही, डसत नाही. साखरपाणी पिणार कसं, त्याला खायला-प्यायला तोंडच नसतं! अळी असताना खाल्लेल्या पाल्यावर आठवडाभर जगायचं, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. मिशा रुंद, पिसांसारख्या असतील तर तो नर. त्या मिशांनीच तो मादीचा वास लांबून हेरतो.

हा पतंग ज्या कुळातला (सॅटर्निडी), त्यात जगभरात २,३०० हून अधिक जाती आहेत, सर्वांत जास्त मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. सासूबाईंची भीती तिकडे खरी ठरली असती. दक्षिण ब्राझीलमधल्या लोनोमिया नावाच्या अळीच्या काट्यांना हात लागला तर अंगात रक्तस्राव होतो, माणसं दगावली आहेत. साओ पाउलोच्या बुटांटान संस्थेत त्यावर उतारा तयार होतो.

आपल्या घाटातले भाऊबंद तसे नाहीत. फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा चंद्रपतंग बघायला मिळाला तर नशीबच म्हणायचं. त्या शेपट्या नुसत्या शोभेच्या नव्हेत. त्याच्या अमेरिकेतल्या भावंडावर झालेले प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले : उडताना शेपट्या फिरतात, वटवाघूळ आवाजाच्या अंदाजानं झेप घेतं आणि पतंगाऐवजी शेपटीच धरतं. तुकडा गेला तरी जीव वाचतो.

माझा सर्वांत आवडता मात्र टसर रेशमाचा पतंग. नागरगाळीच्या रानात ऐनाच्या (कानडीत मत्ती) फांदीला त्याचा कोश देठानं लटकलेला मी पाहिला आहे. फांदीभोवती रेशमाचं कडं, त्याला ताठ देठ, खाली करडा कोश, नखानं दाबला तरी दबत नाही. कोरडे महिने आतला जीव तसाच थांबून असतो. पाऊस आला की तोंडातून द्रव सोडून भिंत मऊ करतो आणि बाहेर येतो. गडचिरोली-भंडाऱ्याकडे याच किड्याचं रेशीम काढतात. ऐन तोडला की टसरच्या अळीचा खायचा पाला गेला, आणि हे मला फार लागतं.

तुम्ही एवढंच करा : रात्री ओट्यावरचा दिवा मालवा. उजेडाशी घुटमळण्यात त्याच्या मोजक्या रात्री वाया जातात. मादीनं भिंतीवर अंडी घातली असतील तर खरवडू नका. अळ्या बाहेर आल्या की मऊ कुंचल्यानं उचलून परसातल्या पेरूवर किंवा दालचिनीवर सोडा. थोडा पाला खातील, झाडाला पुन्हा पालवी फुटते.