प्लोव्हदिवला ढोलकी न्यावी का?

प्रश्न : ताई, नमस्कार जी. मी साकोली तालुक्यातला धानाचा कास्तकार. मंडईच्या जत्रेत दंडार होते, आमचं लोकनाट्य, त्यात ढोलकी वाजवतो. पोरगी बल्गेरियात प्लोव्हदिवला डाक्टरकी शिकते. धान विकून झालं की आम्ही नवरा-बायको तिला भेटायला जाऊ म्हणतो. तुम्ही तिथं राहून आल्या, असं मागच्या अंकात वाचलं. नुसत्या जुन्या इमारती किती पाहाव्या माणसानं? तिथल्या लोकांचं नाचगाणं पाहायला भेटेल का? आणि ढोलकी सोबत घ्यावी का?

उत्तर : भाऊ, आधी तारीख ठरवा, तिकीट मग काढा. नाचगाणंच पाहायचं तर फेब्रुवारी सरता सरता पोहोचा आणि मार्चच्या मध्यापर्यंत राहा. भाचा तिथं नोकरीला होता तेव्हा मी याच दिवसांत होते. थंडी हाडात शिरते, पण आपल्या मतलबाचं सगळं तेव्हाच असतं.

१ मार्चला अख्खं शहर मनगटाला नाहीतर छातीवर लाल-पांढरा दोरा लावतं. त्याला मार्तेनित्सा म्हणतात. बसचा ड्रायव्हर, बँकेतली बाई, कोणी सुटत नाही. मार्च महिना म्हणजे घटकेत हसणारी, घटकेत चिडणारी मार्ता आजी. तिची मर्जी राखायची. करकोचा दिसला किंवा झाडाला बहर आला की दोरा सोडून झाडाला बांधतात. आमच्या घराखालच्या झाडाला गेल्या सालचे विटलेले दोरे तसेच लोंबत होते, त्यांच्याच बाजूला पोरंसोरं नवे बांधून जायची. तुमच्या लेकीला वर्गातल्या मैत्रिणींनी ढीगभर बांधले असतील, तिला विचारा.

खरी गंमत शहराबाहेरच्या गावांत. लेंट नावाचा त्यांचा लांबलचक उपास लागायच्या आधी कुकेरी निघतात. अंगावर बकऱ्याची कातडी, तोंडावर भला मोठा मुखवटा, कंबरेला घंटाच घंटा. उड्या मारत गल्लीतून आले की कानठळ्या बसतात. वर्षाची इडापीडा पळवून लावायची, हा त्यामागचा हेतू. एखादा गडी बाईचा वेश घेऊन नवरी होतो. तुमच्या दंडारीतला नाच्या त्याच्यापेक्षा जास्त ठुमकतो, हे मी पैजेवर सांगते. मग त्यांचा म्होरक्या चौकातच नांगर धरतो, बी फेकतो, आणि पीक जोमानं यावं म्हणून सगळे मिळून नाचतात. तुम्हा कास्तकाराला तिथं दुभाषा लागणार नाही. या सणाची तारीख ईस्टरवरून ठरते, दर साली सरकते. लेकीला आधी चौकशी करायला लावा. पश्चिमेला पेर्निककडं हाच प्रकार जानेवारीतच उरकतो. तिथल्या 'सुरोवा'ला २०१५ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

इमारतींना तुम्ही कंटाळता, तरी जुनं रोमन नाट्यगृह चुकवू नका. ते पहिल्या शतकातलं. शेकडो वर्षं मातीखाली गडप होतं, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात खणून काढलं. दोन टेकड्यांच्या मधल्या खांद्यावर संगमरवरी पायऱ्यांच्या २८ ओळी आहेत. कोणत्या गटानं कुठं बसायचं ती नावं पायऱ्यांवर कोरलेली दिसतात. आपल्याकडं झाडीपट्टीच्या नाटकाला ताडपत्रीवर जागा धरायला चादरी टाकतात, यांनी दगडातच कोरून ठेवलं! उन्हाळ्यात तिथं आजही प्रयोग होतात. वरच्या पायरीवर घटकाभर बसा, समोर शहर आणि त्यामागं रोडोपीचे डोंगर.

हमरस्त्याच्या पोटात रोमन स्टेडियम आहे, तीसेक हजार माणसांचं. जुमाया मशिदीसमोर त्याचं एक टोक उघडं दिसतं, बाकीचं दुकानांच्या तळघरात. शहर सात टेकड्यांचं म्हणवतं, पण मार्कोव्हो टेकडी फोडून तिचा दगड रस्त्यांत घातला आणि तिथं आता मॉल आहे. आमच्या गावाजवळच्या गिट्टी खदानीची आठवण झाली, दुसरं काय. जुन्या वस्तीत १८४७ सालचं कुयुमजीओग्लू या व्यापाऱ्याचं घर आहे, त्यात लोकजीवनाचं संग्रहालय. बायकोला तिथले भरतकामाचे पोशाख दाखवा, तासभर तरी हलणार नाहीत.

खाण्याची चिंता नको. चीज भरलेली बानित्सा सकाळी गरम मिळते, बीन्सचं सूपही मिळतं. मांस चालत नसेल तर नीट विचारून घ्या. 'हो' म्हणताना ते मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना उभी, म्हणून उत्तर तोंडानंच वदवून घ्या. १ जानेवारी २०२६ पासून तिथं युरो चालतो, आणि व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा, लागतो.

आता ढोलकी. जरूर न्या, पण दोरी ढिली करून. तिथली घरं हीटरनं सुकी खडखडीत झालेली असतात, पान तडकायला नको. तुमच्यासारखा माणूस त्यांच्या गाइदावर खूश होईल. बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीत हवा भरून वाजवायची पावरी समजा. वाल्या बाल्कान्स्का या गायिकेचं रोडोपीतलं एक गाणं गाइदाच्या साथीसह १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर अंतराळात गेलं. नाचाला मोठा ढोल असतो, तुपान. एका हातात जाड काठी, दुसऱ्यात बारीक छडी. त्यांचा राचेनित्सा नाच सात मात्रांचा. आपल्या रूपक तालातही सातच, पण रूपक तीन-दोन-दोन, यांचं दोन-दोन-तीन, तेही धावत्या लयीत. जायच्या आधी घरीच तेवढा हात बसवून घ्या, म्हणजे कोणी नाचात ओढलं तर पाय चुकले तरी हात चुकायचे नाहीत.