लेकराला काय कळते?

घरात मारहाण होत असेल किंवा आई मुलांना घेऊन बाहेर पडली असेल, तर पालकांसाठीचे मार्गदर्शन नेमके कशासाठी असते, याविषयीचा गोंधळ या महिन्याच्या पत्रांतही आहे. ते मुलाला सावरायला मदत व्हावी म्हणून असते, नवरा-बायकोत समेट घडवण्यासाठी नसते, एवढे आधीच सांगते.

प्रश्न : मी कुंभारीत विड्या वळते. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. मोफत वकील मिळेल का?

उत्तर : होय, स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. भांडण सुरू झाले की मी तिला आत झोपवते, आणि वळ दिसू नयेत म्हणून पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालते. सासूबाई म्हणतात, एवढ्या लेकराला काय कळते? ती शाळेत जाईपर्यंत थांबू का?

उत्तर : थांबू नका. वळ उठतात त्याला भांडण म्हणत नाहीत, ती मारहाण आहे. ‘लेकराला काय कळते’ या एका वाक्यापायी किती वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत! माझ्याकडे येणारी चार वर्षांची एक मुलगी खेळायला बसण्याआधी स्वतःच्या आणि आईच्या चपला दाराकडे तोंड करून ठेवत असे. घरातल्या प्रकाराविषयी तिला एक शब्दही सांगता येत नव्हता, पण पळावे लागले तर चपला हाताशी असाव्यात, हे तिला पक्के कळले होते. या वयाचे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, येत असलेले बोलणे विसरते, भांडे पडले तरी दचकते. आणि ‘मी दूध सांडले म्हणून बाबांनी आईला मारले’ असा दोष स्वतःकडे घेते. म्हणून मोठ्यांच्या वागण्यात तिची काही चूक नाही, हे तिला साध्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगा, जेवणझोपेच्या वेळा जमतील तितक्या सांभाळा, आणि याच आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. स्वतःसाठी 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. जिवाला धोका वाटला तर तातडीच्या मदतीच्या 112 वर.

प्रश्न : दोन दिवसांच्या शिबिरात ‘मूल पूर्ववत होण्याची हमी’ देतात, शुल्क साडेसात हजार. जावे का?

उत्तर : हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे अलिशिया लिबरमन यांनी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जी उपचारपद्धती विकसित केली, तिच्यात आई आणि मूल एकत्र बसतात आणि आठवड्याला एकदा असे काम जवळजवळ वर्षभर चालते. ते दोन दिवसांत उरकते म्हणणाऱ्याला तुमच्या धास्तीचे पैसे करायचे आहेत. पैसे भरण्याआधी शिबिर घेणाऱ्याचे शिक्षण विचारा आणि सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात सल्ला घ्या.

प्रश्न : समुपदेशक म्हणतात, दोघे एकत्र या. मला नवऱ्यासमोर बोलायची भीती वाटते.

उत्तर : एकत्र बसू नका. तिथे उच्चारलेल्या शब्दाची शिक्षा घरी मिळू शकते. वेगळी वेळ मागा, आणि ती मिळत नसेल तर संरक्षण अधिकाऱ्यांना, म्हणजे घरातली हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांच्या मदतीसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांना भेटा.

प्रश्न : बारा वर्षांचा मुलगा बहिणीवर हात उगारतो. हे रक्तातच असते का?

उत्तर : नाही, ते पाहून शिकलेले असते, समुपदेशकाकडे न्या.

प्रश्न : मी माहेरी आहे. नवरा शाळेच्या फाटकाशी येऊन मुलाला नेऊ पाहतो. भाऊ म्हणतो, परीक्षा झाल्यावर कोर्टाचे बघू.

उत्तर : परीक्षेची वाट पाहू नका. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्यातील कलम 21 नुसार दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा तुम्हाला देऊ शकतात, भेटी कशा व्हाव्यात हे ठरवू शकतात, आणि भेटीने मुलाला अपाय होईल असे वाटल्यास ती नाकारूही शकतात. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत किंवा वकिलांच्या सल्ल्याने करा, आदेश मिळताच त्याची प्रत मुख्याध्यापकांना द्या. तोवर ‘पप्पांना सांग, पैसे पाठवा’ असा एकही निरोप मुलाच्या तोंडून धाडू नका.